बडोद्याचे विद्यार्थी मंडळ

पाश्चात्त्य विद्यापीठांच्या इतिहासात विद्यार्थ्यांच्या बंधुसंघांचे एक वेगळेच प्रकरण आहे. कॅनडात असा पहिला संघ टोरोंटो येथे 1879 साली निघाला. 1887 मध्ये तेथील विद्यार्थिनींनीही आपला भगिनीसंघ काढला. ग्रीक अक्षरांचे नाव, दीक्षाविधी, गुप्त खुणा आणि राहावयास स्वतंत्र वास्तू, असा या संघांचा थाट. आपल्यातून कोण थोर पुरुष निपजले, याची यादी ते अभिमानाने जपतात.

आपल्याकडे असे काही घडलेच नाही काय? घडले, मात्र त्याची तऱ्हा निराळी होती. ज्या बडोदे शहराची वस्ती आज वासण्याला जाऊन मिळाली आहे, तेथे 1914 च्या सुमारास काही मराठी तरुणांनी विद्यार्थी मंडळ स्थापन केले. बडोदे कॉलेजात शिकणारे विनायक नरहर भावे त्यांचे अग्रणी. शिवजयंती, दासनवमी, गणेशोत्सव हे मंडळाचे उत्सव. चरित्रे, इतिहास व प्रवासवर्णने जमवून केलेले ग्रंथालय हे त्याचे भांडवल. मॅझिनीच्या चरित्रावर विनायकरावांनी येथेच व्याख्यान दिले.

या स्नेहाची परीक्षा लौकरच झाली. मार्च 1916 मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेले विनायकराव सुरतेस उतरले आणि दोन मित्रांसह काशीस गेले. त्यांपैकी बेडेकर काशीतच निवर्तले. त्यांचा अंत्यविधी विनायकरावांनी गंगाकाठी स्वहस्ते केला. त्याच वर्षी 7 जून रोजी ते कोचरबच्या आश्रमात गांधीजींना भेटले आणि पुढे ‘विनोबा’ या नावाने सर्वांस परिचित झाले.

मंडळाची कल्पना मात्र त्यांनी सोडली नाही. 1917 साली अध्ययनासाठी वाईस असताना तेथेही त्यांनी विद्यार्थी मंडळ काढले. वाचनालयाच्या खर्चासाठी विद्यार्थी जात्यावर बसत. दोन शेर दळणास एक पैसा, आणि तो पैसा वाचनालयाला!

बडोद्याच्या सोबत्यांपैकी गोपाळराव काळे, रघुनाथ धोत्रे, बाबाजी मोघे असे कित्येक जण पुढे विनोबांच्या कार्यात सामील झाले. विनोबांना 1958 साली मॅगसेसे पुरस्कार आणि 1983 साली मरणोत्तर भारतरत्न लाभले. सोबत्यांची नावे आज थोड्यांनाच ठाऊक आहेत. परंतु थोरांच्या यादीत ती न घातली, तर मंडळाचा इतिहास अपुराच राहील. तरुणपणी जमलेली मैत्री परीक्षेबरोबर संपली नाही, ती आयुष्यभराच्या कामाला लागली, हेच त्या मंडळाचे खरे वैभव होय.