जन्मठेपेची मोलकरीण

काळं पाणी म्हटलं की आपल्याला अंदमान आठवतं, आणि डोळ्यांपुढे येतो तो पुरुष कैदी. कैदिणींविषयीच्या साहित्याच्या अभ्यासाचं दार मात्र टास्मानियातल्या एका स्वयंपाकघरात उघडतं.

१७८८ ते १८६८ या काळात ब्रिटनने ऑस्ट्रेलियात सुमारे १,६२,००० कैदी धाडले. त्यांत बायका सुमारे २५,०००. टास्मानियातल्या होबार्टची कॅस्केड्स ‘फीमेल फॅक्टरी’ नावाला कारखाना, प्रत्यक्षात तुरुंग. तिथे सर्वांत खालच्या वर्गातल्या बाईच्या जाकिटाच्या पाठीवर, बाहीवर आणि मागे परकरावरही मोठा पिवळा ‘सी’ असे. ज्या बऱ्या वागत, त्या गोऱ्या वसाहतवाल्यांकडे घरकामाला जात. मालकिणीने तक्रार केली की रवानगी पुन्हा फॅक्टरीत.

कॅरोलाइन लीकी १८४८ साली होबार्टला बहिणीकडे आली आणि पाच वर्षं राहिली, त्यातली बरीचशी आजारपणात. १८५९ साली तिने टोपणनावाने ‘द ब्रॉड अ‍ॅरो’ ही कादंबरी छापली. ब्रॉड अ‍ॅरो म्हणजे सरकारी मालावर उमटवायची बाणाची खूण. इथे तो माल म्हणजे मायडा ही फसवली गेलेली तरुणी, बालहत्येच्या आरोपाखाली जन्मठेप भोगणारी. मार्कस क्लार्कची गाजलेली कैद्यांची कादंबरी पुस्तकरूपात आली ती १८७४ साली. तरी नाव झालं ते त्याचंच.

लीकी प्रवचन फार देते. ती पानं मीही भराभर उलटली आहेत. पण मालकीण आणि कैदीण एका छपराखाली कशा वावरतात, हे तिला घरातून दिसलं होतं. तिची नजर मालकिणीच्या बाजूची आहे, हेही विसरू नये.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटायचं कारण नाही. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येबद्दल आधी फाशी आणि मग काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली गेली, तेव्हा ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. ती कादंबरी नव्हे, पण आरोपीच्या पिंजऱ्यात बाई एकटीच का, हा ताराबाईंचा सवाल घेऊन मायडाकडे जाता येतं.

खुद्द कैदिणींनी लिहिलेलं फारच थोडं उरलं आहे. सरकारी वह्यांत मात्र त्यांची उंची, डोळ्यांचा रंग, अंगावरच्या खुणा टिपलेल्या आहेत. टास्मानियाच्या अभिलेखागाराने त्या वह्या इंटरनेटवर खुल्या केल्या आहेत. कादंबरी वाचताना त्यांतलं एखादं पान शेजारी उघडून ठेवा.