पंडिता रमाबाई : दुष्काळ, बहिरेपण आणि बायबल

दुष्काळ म्हणजे काय, हे हिंगोलीच्या भाविकांस सांगावे लागत नाही. पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांचे आईवडील व थोरली बहीण दुष्काळात काही महिन्यांच्या अंतराने दगावली. १८८० मध्ये भाऊ व १८८२ मध्ये पती गेले. उरली तान्ही मनोरमा.

१८८३ साली वैद्यकीय शिक्षणासाठी त्या इंग्लंडला गेल्या. परंतु बळावत चाललेल्या बहिरेपणामुळे तो मार्ग खुंटला. त्याच वर्षी वाँटेज येथे अँग्लिकन भगिनींच्या सहवासात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या कॅथॉलिक नव्हत्या, हे नमूद करणे उचित. त्यामुळे त्यांचे मोठेपण उणावत नाही, असे आम्हांस वाटते.

पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळग्रस्त मुली व निराधार विधवा आश्रयास आल्या. त्यांत अंध मुलीही होत्या. मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकल्या आणि या मुलींसाठी शाळा उभी राहिली. यरीहोच्या वाटेवर प्रभूला हाक मारणाऱ्या आंधळ्या बार्तीमयावरून तिला 'बार्तिमी सदन' हे नाव मिळाले.

रमाबाईंना आता जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हते. तरीही हिब्रू व ग्रीक शिकून, खेड्यातल्या बाईलाही समजेल अशा सोप्या मराठीत त्यांनी संपूर्ण बायबलचे भाषांतर हाती घेतले. १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमाबाईही निवर्तल्या. रमाबाईंनी लेखणी खाली ठेवली नाही. काम पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूघरी गेल्या. त्या बायबलचे खिळे मुक्तीतल्याच स्त्रियांनी जुळविले होते.