पाचवीची रात्र आणि वहीतल्या तीन नोंदी

आमचे बिऱ्हाड बडोद्याला दांडिया बाजारात होते, तेव्हाची आजोबांची एक वही माझ्याकडे आहे. पुढे जमाखर्च, मागच्या पानांवर घरातल्या जन्मांच्या नोंदी: तिथी, वार, घटका-पळे. त्यातल्या तीन नोंदींपुढे वेगळ्या शाईत एवढेच लिहिले आहे: 'आठवे दिवशी', 'सहावे दिवशी', 'आठवे दिवशी'. नावे नाहीत, कारण बारसे बाराव्या दिवशी. तिथवर ही मुले पोचलीच नाहीत.

आजीला एकदा विचारले होते. ती म्हणाली, "दोन दिवस छान अंगावर पीत होतं रे. मग तोंडच उघडेना. सटवाईनं लिहिलं तेवढंच."

मी पेशाने इंजिनिअर. एकाच प्रकारची यंत्रे ठरावीक तासांनीच बंद पडू लागली तर आम्ही नशिबाला दोष देत नाही, कारण शोधतो. म्हणून या नोंदी मनातून जाईनात.

आपल्याकडे पाचव्या रात्री पाटा-वरवंटा मांडून सटवाई पुजतात. जवळ कोरा कागद, लेखणी, विळा ठेवतात आणि जागरण करतात. आमच्या गुजराती शेजाऱ्यांकडे हेच सहाव्या दिवशी होते. 'छठ्ठीना लेख' हा तिथला वाक्प्रचार त्यातूनच आला. पहिला आठवडा बाळाच्या जिवावरचा, हे दोन्ही समाजांनी अचूक हेरले होते. स्कॉटलंडजवळच्या सेंट किल्डा बेटावर तर या मरणाला 'आठ दिवसांचा आजार' असेच नाव होते.

हा आजार म्हणजे नवजात अर्भकाचा धनुर्वात. त्याचे जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणात असतात. नाळ घरच्याच विळ्याने कापायची, वर राख किंवा शेण लावायचे, की जंतू आत शिरले. पहिले दोन दिवस बाळ नीट पिते, रडते. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या दिवसात जबडा आवळतो, दूध ओढता येत नाही, मग झटके सुरू होतात. आजीचे ते एक वाक्य या वर्णनाशी ताडून पाहा. वहीतली तिन्ही मुले यानेच गेली असा माझा दावा नाही. पण संशय दाट आहे.

मातीतून हा रोग होतो हे निकोलायरने 1884 मध्ये दाखवले. जंतू वेगळा केला तो किटासाटोने, 1889 मध्ये. पण ज्ञान होणे वेगळे आणि ते बाळंतिणीच्या खोलीत पोचणे वेगळे. तिथे सुईणीशिवाय कोणी जात नसे, पुरुष डॉक्टर तर नाहीच. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या. त्यांचे मूल दहाच दिवस जगले, वैद्यकीय मदत मिळाली नाही. त्या दुःखातून त्या शिकल्या आणि 1886 मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या.

आपली परंपरा केवळ नशिबावर हवाला ठेवणारी होती असेही नाही. 1938 मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून प्रसिद्ध झालेल्या काश्यपसंहितेत 'वेदनाध्याय' आहे. न बोलणाऱ्या बाळाला काय दुखते ते त्याच्या हालचालींवरून कसे ओळखावे, हा त्याचा विषय. म्हणजे बाळाकडे बघायला आपण शिकलो होतो. मधे कुठेतरी ते विसरलो.

1988 मध्ये जगात सुमारे 7,87,000 नवजात बालके धनुर्वाताने गेली असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. गरोदरपणातली लस, स्वच्छ पाते आणि दवाखान्यातली बाळंतपणे यांमुळे चित्र पालटले. 2015 मध्ये भारतात हे प्रमाण प्रत्येक जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकाच्या खाली आल्याचे जाहीर झाले.

धनुर्वात हटला, पहिल्या आठवड्याचा धोका पूर्ण हटलेला नाही. जंतुसंसर्ग, कावीळ, श्वासाचा त्रास आहेतच. 2011 पासून आशाताई घरी येऊन बाळ पाहतात, त्यात तिसरा आणि सातवा दिवस आहे. आपली पाचवी बरोबर त्यांच्या मधोमध येते!

पाचवी करावी की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण जागरण करणार असाल तर बाळाकडे बघत करा. दूध ओढणे बंद झाले, अंग तापले किंवा गार पडले, शांत असताना मिनिटाला 60 किंवा जास्त श्वास होऊ लागले, छाती आत ओढली जाऊ लागली, झटके आले, बाळ मलूल पडले, नाळेभोवती लाली किंवा पू दिसला, पहिल्याच दिवशी अंग पिवळे पडले किंवा पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत उतरला, तर यातले एकही लक्षण पुरे. उजाडायची वाट बघू नका, गुटी उगाळत बसू नका. त्याच रात्री दवाखाना गाठा.

आजीला हे सांगणारे कोणी नव्हते.