हृदयांतील ठिणगी

धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यांत, बालाघाटाच्या परिसरांत, तेरखेडा हें गांव आहे. सोलापूर-धुळे रस्त्यानें जाणाऱ्या प्रवाशास त्याची ओळख तेथील शोभेच्या दारूच्या कारखान्यांमुळें असते. या दारूंत निरनिराळ्या धातूंचे क्षार निरनिराळे रंग देतात: स्ट्रॉन्शियम तांबडा, बेरियम हिरवा, आणि कॅल्शियम नारिंगी. हेंच कॅल्शियम मनुष्याच्या हृदयाच्या प्रत्येक ठोक्यामागें असतें, आणि १९९३ सालीं त्याचें तेथील वर्तन जेव्हां प्रथम दृष्टीस पडलें, तेव्हां संशोधकांनीं त्यास ‘कॅल्शियमच्या ठिणग्या’ हेंच नांव दिलें. ही ठिणगी वेळेवर पडली तर हृदय चालतें. अवेळीं पडली तर त्याचा तालभंग होतो, आणि प्रसंगीं प्राणही जातो. हें ज्ञान क्रमाक्रमानें कसें मिळत गेलें, आणि आपल्या कुंपणावरील बिट्टीशीं व दगडाखालच्या विंचवाशीं त्याचा संबंध काय, हें वाचकांपुढें थोडक्यांत मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या इतिहासाचा आरंभ नळाच्या पाण्यापासून होतो. लंडन येथील डॉक्टर सिडने रिंगर हे बेडकाचें हृदय शरीराबाहेर काढून क्षारयुक्त पाण्यांत चालूं ठेवण्याचे प्रयोग करीत असत. १८८२ सालच्या आपल्या निबंधांत त्यांनीं अशा एका साध्या द्रावणाचे गुण वर्णिले होते. पुढें असें आढळून आलें कीं, तें द्रावण ऊर्ध्वपातित पाण्याचें नसून शहरांत पुरविल्या जाणाऱ्या नळाच्या पाण्याचें होतें. शुद्ध पाणी घेतांच हृदय मंदावलें आणि थांबलें. नळाच्या पाण्यांत जें अधिक होतें, तें कॅल्शियम! रिंगर यांनीं १८८३ सालीं दुसरा निबंध लिहून आपलें आधींचें प्रतिपादन स्वतःच दुरुस्त केलें. कॅल्शियमवांचून हृदय आकुंचन पावत नाहीं, आणि त्यास आळा घालणारें पोटॅशियम नसेल तर आकुंचन पावलेलें हृदय नीट सैल होत नाहीं, हेंही त्यांच्या प्रयोगांतून दिसून आलें. म्हणजे प्रश्न कॅल्शियम असण्या-नसण्याचा एवढाच नव्हता. त्याच्या प्रमाणाचा आणि वेळेचाही होता.

प्रमाणाचा विचार करूं लागलों तर मन थक्क होतें. विश्रांत हृदयपेशीच्या आंत मोकळें कॅल्शियम जितकें असतें, त्याच्या सुमारें १०,००० पट तें पेशीबाहेरच्या द्रवांत असतें. पेशीच्या पोटांतही त्याचें एक बंदिस्त कोठार आहे. ठोक्याची विद्युत्-लहर आली कीं पेशीच्या आवरणांतील द्वारें उघडतात व थोडें कॅल्शियम आंत शिरतें. त्या थोडक्याच्या चाहुलीनें कोठाराचीं दारें उघडून पुष्कळ बाहेर पडतें, आणि तंतू आखडतात. लगेच एक पंप बहुतेक कॅल्शियम पुन्हा कोठारांत ओढतो, आणि एक अदलाबदल करणारी यंत्रणा उरलेलें पेशीबाहेर टाकते. दिवसाकांठीं सुमारें एक लक्ष वेळां हा भरणा व हा निचरा बिनबोभाट चालतो.

ही जमाखर्चाची व्यवस्था उलगडण्यास एका जुन्या औषधाचें फार साहाय्य झालें. इंग्लंडांतील डॉक्टर विल्यम विदरिंग यांनीं १७८५ सालीं डिजिटॅलिस या वनस्पतीचे गुण प्रसिद्ध केले. दुबळ्या हृदयास तिनें जोर येतो; पण मात्रा थोडी वाढतांच उलट्या होतात, नाडी मंदावते, ताल तुटतो, आणि रोगी दगावतोही. एकच पदार्थ तारक आणि मारक कसा, हें कोडें पुढें पावणेदोनशें वर्षें सुटलें नाहीं. १९५३ सालीं शाट्समन यांनीं दाखविलें कीं, हीं द्रव्यें पेशींतून सोडियम बाहेर टाकण्याची क्रिया रोखतात. १९५७ सालीं डेन्मार्कचे स्कौ यांनीं त्या क्रियेचा कर्ता असा सोडियम-पंप शोधून काढला. त्याबद्दल त्यांस १९९७ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. १९६८ सालीं रॉयटर व झाइट्स यांनीं सोडियमच्या मोबदल्यांत कॅल्शियम बाहेर टाकणारी ती अदलाबदल हृदयांत दाखविली. आतां सांखळी जुळली. पंप अडला कीं सोडियम सांचतें. सोडियम सांचलें कीं कॅल्शियमचा निचरा मंदावतो. आणि कोठार भरूं लागतें. बेताचें भरलें तर ठोका जोरकस होतो. अतोनात भरलें तर तें आपण होऊन गळूं लागतें.

वाचकांनीं हें दूरदेशचें प्रकरण समजूं नये. आपल्याकडील कण्हेर, आणि मूळची अमेरिकेंतील असूनही आपल्या कुंपणांवर, देवळांच्या आवारांत व शाळांभोंवतीं रुजलेली पिवळी कण्हेर, अर्थात् बिट्टी, यांच्या अंगीं त्याच जातीचीं विषें आहेत. त्यांचा मारा त्याच सोडियम-पंपावर होतो. ज्या बियांशीं पोरें खेळतात, त्यांत विदरिंग यांचें कोडें जसेंच्या तसें भरलेलें आहे.

कोठार गळल्यानें ताल कां तुटावा, याचें उत्तर १९७३ च्या सुमारास मिळूं लागलें. डिजिटॅलिसवर्गीय द्रव्य दिलेल्या हृदयतंतूंत ठोका संपल्यानंतर एक लहानशी विद्युत्-लहर आपोआप उमटते, असें फेरिअर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं नोंदविलें. तिचें कारण आतां नीट समजलें आहे. गळलेलें कॅल्शियम बाहेर टाकतांना अदलाबदलीची यंत्रणा एका कॅल्शियममागें तीन सोडियम आंत घेते. या व्यवहारांत धन विद्युत् पेशींत शिल्लक राहते. ती पुरेशी सांचली कीं पेशीला ठोक्याचा भास होतो, आणि नको त्या वेळीं खराच ठोका पडतो. असे ठोके एकामागून एक पडूं लागले म्हणजे हृदय नुसतें थरथरतें; रक्त पुढें जात नाहीं.

१९९३ सालीं चेंग, लेडरर व कॅनेल यांनीं उंदराच्या हृदयपेशींत चमकणारा रंग घालून ही गळती सूक्ष्मदर्शकाखालीं प्रत्यक्ष पाहिली. कोठाराचीं दारें पुंजक्यापुंजक्यांनीं, मिलिमीटरच्या सुमारें पांचशेंव्या भागाइतक्या अंतरावर असतात, आणि एका पुंजक्यांत क्षणभर उजळणारी ठिणगी सहसा जागच्या जागीं विझते. शोभेच्या दारूच्या कारखान्यांत एका शेडची आग दुसरीस लागूं नये म्हणून शेड अंतराअंतरावर बांधतात. निसर्गाची ही योजना तशीच आहे. परंतु माल प्रमाणाबाहेर सांठविला तर तें अंतर अपुरें पडतें. हृदयपेशींतही कोठार तुडुंब असेल तर एक ठिणगी शेजारचीस पेटविते, आणि फटाक्यांच्या माळेसारखी लाट पेशीभर धांवते.

कांहीं कुटुंबांत हा दोष जन्मजातच असतो. अशीं मुलें एरवीं निरोगी दिसतात, स्वस्थ असतां काढलेला हृदयाचा विद्युत्-आलेखही निर्दोष असतो. पण धांवतांना किंवा घाबरतांना तीं एकाएकीं बेशुद्ध पडतात. पॅरिसच्या डॉक्टरांनीं १९९५ सालीं अशा २१ मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. २००१ सालीं इटली व फिनलंड येथील संशोधकांनीं दोष कोठाराच्या दारांच्या जनुकांत दाखविला. हीं दारें आधींच सैल. त्यांत ॲड्रिनॅलिनची भर पडली कीं कोठार अधिक भरतें व ठिणग्या उसळतात. ॲड्रिनॅलिनचा जोर रोखणाऱ्या गोळ्यांनीं यांतील पुष्कळ मुलें वांचतात. न ओळखतां मात्र त्यांस आकडीचा रोगी समजण्यांत येतें.

ॲड्रिनॅलिनचें हें वादळ महाराष्ट्रांत एका अगदीं वेगळ्या वाटेनेंही येतें. लाल विंचवाचें विष मज्जातंतूंचीं सोडियमचीं द्वारें वेळेवर मिटूं देत नाहीं. त्यामुळें त्या द्रव्याचा पूर शरीरांत लोटतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयाचा ताल चुकतो, आणि फुप्फुसांत पाणी भरतें. १९६१ सालीं मुंडले यांनीं विंचूदंशानंतरच्या या फुप्फुसविकाराकडे वैद्यकीय जगाचें लक्ष वेधलें. पुढें जालना जिल्ह्यांतील देहेड गांवीं जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर हे महाड तालुक्यांत बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रांत रुजू झाले. उलटी, दरदरून घाम आणि गार पडलेले हातपाय हीं पुढच्या संकटाचीं पूर्वचिन्हें होत, हें त्यांनीं रोग्यांच्या उशाशीं बसून टिपलें आणि १९८२ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें मांडलें. १९८६ सालीं त्यांनीं प्राझोसिन या रक्तदाबावरील स्वस्त गोळीचा उपयोग प्रसिद्ध केला. ही गोळी कॅल्शियमच्या कोठारास हात लावीत नाहीं. ती आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते व हृदयावरचा भार उतरविते. तीव्र दंशांत जे मृत्यू पूर्वीं शेंकडा २५ ते ३० पर्यंत होत, ते या उपचारानें शेंकडा एकाच्या आसपास आले. २०२२ सालीं भारत सरकारनें त्यांस पद्मश्री दिली.

बिट्टीची बी, विंचवाची नांगी आणि जनुकांतील दोष या तिन्ही वाटा हृदयपेशींतील त्याच कोठाराकडे जातात, ही गोष्ट कळण्यास शंभरांहून अधिक वर्षें लागलीं. तिचा उपयोग मात्र प्रयोगशाळेंत नव्हे, तर तेरखेड्यासारख्या गांवीं आणि त्याच्या जवळच्या दवाखान्यांत व्हावयाचा आहे. बी चघळलेल्या मुलास उलटी झाल्यावर तें बरें झालें असें समजून घरीं ठेवूं नये, कारण तालभंग मागाहूनही येतो. विंचू चावलेल्यास उतारा देण्यांत रात्र घालवूं नये. आणि शर्यतींत धांवतांना पडलेल्या मुलाचा विद्युत्-आलेख केवळ निजवून नव्हे, तर डॉक्टरांच्या देखरेखीखालीं त्यास चालावयास लावूनही काढावा. निजलेल्या मुलाच्या हृदयांत ती ठिणगी दिसत नाहीं.