भिंतीवरील तारेचे कूळ

बडी गाय या वयोवृद्ध ब्लूज-वादकांची ‘एन्ट डन विथ द ब्लूज’ ही नवी ध्वनिमुद्रिका ३० जुलै २०२५ रोजी, म्हणजे त्यांच्या एकोणनव्वदाव्या वाढदिवशी, प्रसिद्ध झाली. तिच्या गुणदोषांची चिकित्सा अधिकारी माणसांनी करावी. मला तिच्या निमित्ताने आठवली ती त्यांच्या बालपणीची एक सर्वश्रुत हकिकत. लुइझियाना संस्थानातील लेट्सवर्थ या खेड्यात वाटेकरी शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्या या मुलाने, विकतची गिटार हाती पडण्यापूर्वी, डास अडविण्यासाठी खिडकीला लावलेल्या जाळीच्या तारा उपटून आपले पहिले दोनतारी वाद्य स्वतःच सिद्ध केले होते. अमेरिकेच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीय समाजात या जातीच्या वाद्याला ‘डिडली बो’ म्हणतात. त्याचे मूळ रूप याहूनही अकिंचन: झाडूच्या काड्या आवळून धरणारी तार सोडवून ती घराच्या लाकडी भिंतीवर दोन खिळ्यांमध्ये ताणायची, तिच्याखाली घोडी म्हणून बाटली सारायची, एका हाताने तार छेडायची आणि दुसऱ्या हातातील बाटली तिच्यावरून सरकवीत सूर काढायचा. वाद्याला भोपळा नाही. सबंध घरच भोपळ्याचे काम करते.

गिटारीच्या पडद्यांवर बोटे दाबण्याऐवजी बाटलीचा गळा, सुरी किंवा पोलादी कांब तारेवरून सरकवून सुराची घसीट काढण्याची जी कला ब्लूजमध्ये रूढ आहे, तिचे कूळ या भिंतीवर आहे, असे माझे मत आहे. आणि त्याला विरोध करणारे मतही तगडे आहे.

तो प्रतिस्पर्धी दावा हवाई बेटांचा. तेथे गिटार पोहोचली १८३० च्या दशकात, मेक्सिकोतून आलेल्या गुराख्यांबरोबर. पुढे ओआहू बेटावरील लाइए गावच्या जोसेफ केकुकू यांनी शाळकरी वयातच लोखंडाचा तुकडा तारेवर फिरवून नवी वादनपद्धती शोधली, १९०४ साली ते मुख्य भूमीवर आले, आणि १९१५ च्या सान फ्रान्सिस्को येथील महाप्रदर्शनानंतर हवाईच्या संगीताचे वेड साऱ्या अमेरिकेला लागले. सिल्वेस्टर वीव्हर यांनी या पद्धतीने वाजविलेल्या ब्लूजचे पहिले मुद्रण केले ते १९२३ मध्ये, तेव्हा कालक्रम हवाईच्याच बाजूने साक्ष देतो, असे त्या पक्षाचे म्हणणे. जॉन ट्राउटमन यांनी २०१६ च्या ‘कीका किला’ या ग्रंथात याच पक्षाची कैफियत मोठ्या परिश्रमाने मांडली आहे आणि ती सहज धुडकावून लावता येण्यासारखी नाही.

परंतु या प्रकरणातील सर्वांत जुनी जबानी आहे ती संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी यांची. मिसिसिपीतील टटवायलर स्थानकावर, सुमारे १९०३ साली, गाडीची वाट पाहत झोपी गेलेल्या हँडींना जाग आली तेव्हा एक फाटक्या कपड्यांचा कृष्णवर्णीय मनुष्य गिटारीच्या तारांवर सुरी दाबून वाजवीत होता. ही पद्धत हवाईच्या वादकांनी लोकप्रिय केलेल्या पद्धतीसारखी होती, असा शेरा हँडी स्वतःच मारतात, आणि प्रतिपक्षाची सारी भिस्त या शेऱ्यावर आहे. मात्र हँडींचे आत्मचरित्र १९४१ चे आहे. मधल्या काळात हवाईचे वेड घरोघरी शिरून ओसरलेही होते, आणि १९४१ च्या वाचकाला सुरीचे वादन समजावून सांगायचे तर त्याच्या परिचयाची ती एकच उपमा उपलब्ध होती. साम्य सांगणे म्हणजे वंश सांगणे नव्हे. केकुकू मुख्य भूमीवर आले ते या घटनेच्या सुमारे वर्षभर नंतर; यावर प्रतिपक्ष म्हणतो की हवाईच्या मंडळ्या १८९० च्या दशकापासूनच अमेरिकेत हिंडत होत्या. हिंडत असतील, पण हवाईचा वादक गिटार मांडीवर आडवी घेतो, तर मिसिसिपीचा वादक ती उभी धरून एका बोटात बाटलीचा गळा चढवतो आणि उरलेल्या बोटांनी पडदेही दाबतो. शिष्याने गुरूची बैठकच टाकून दिली, असे मानावे लागेल. दोन्हीकडे तारा एकाच स्वरसमूहात मोकळ्या जुळवण्याची चाल आहे, हा मुद्दा मात्र मला अडचणीचा आहे; अमेरिकेतील दिवाणखान्यांत वाजणाऱ्या ‘स्पॅनिश फँडँगो’ या जुन्या रचनेत तशीच जुळवणी आढळते, एवढे सांगून मी पुढे सरकतो.

खरा पुरावा मुलांच्या खेळात आहे. डेव्हिड इव्हान्स यांनी १९७० साली एकतारी वाद्यांवर लिहिलेल्या निबंधात दाखविले की भिंतीवरची ही तार प्रामुख्याने पोराटोरांचे खेळणे होती, अनेक ब्लूज-वादकांचा श्रीगणेशा तिच्यावरच झाला, आणि तिची भावंडे आफ्रिकेत सापडतात. जलशातली फॅशन वयात आलेले तरुण उचलतात. झाडूची तार सोडविणाऱ्या सात-आठ वर्षांच्या पोराला ती वहिवाटीनेच आलेली असते.

आता आमच्या बाजूचा एक मोह. केकुकूंच्याही आधी, १८८४ च्या सुमारास, गाब्रिएल दाविओं नावाचा एक इसम हवाईत अशा रीतीने वाजवीत असे. त्याचा जन्म हिंदुस्थानातला आणि एका जहाजाच्या कप्तानाने त्याला पळवून आणले होते, अशी आठवण हवाईचे संगीतकार चार्ल्स किंग यांनी नोंदवून ठेवली आहे. हे वाचून भारतीय मनाला गुदगुल्या न झाल्या तरच नवल! कारण तारेवर कांडी सरकविण्याचा आमचा दाखला थेट देवगिरीचा आहे: यादवराजा सिंघणाच्या आश्रयाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ रचणाऱ्या शार्ङ्गदेवाने एकतंत्री वीणेच्या वादनात ‘कम्रिका’ नामक वेळूच्या कांडीचे वर्णन केले आहे. तंजावरकडचे गोट्टुवाद्यही याच पंथाचे, आणि त्याचे थोर वादक तिरुविडैमरुदूरचे सखाराम राव यांच्या नावालाच मराठी वास येतो. तरीही दाविओंच्या एकट्या खांद्यावर देवगिरी ते होनोलुलू एवढे ओझे देण्यास मी धजत नाही. देवगिरीचा ग्रंथ मला निराळ्या कारणासाठी हवा आहे. वाद्याला तार एकच असली आणि पडदे नसले, की सरकती कांडी हा उपाय ज्याला त्याला आपोआप सुचतो. शार्ङ्गदेवाच्या पंडितांना तो सुचला तसाच मिसिसिपीच्या पोरांना. सहा तारांच्या, पडदे ठोकलेल्या गिटारीवर तो सुचणे अस्वाभाविक. तेथे तो दुसरीकडून आणावा लागतो, आणि दक्षिणेत तो आणायला भिंतीपर्यंत जाणे पुरेसे होते.

बडी गाय स्वतः बाटलीचे वादक म्हणून ओळखले जात नाहीत, असा आक्षेप येईल. त्याचे उत्तर त्यांच्या गुरुस्थानी असलेल्या बी. बी. किंग यांच्यापाशी आहे. किंग यांच्या आईचे चुलत-मावस नात्यातले बंधू बुक्का व्हाइट हे बाटलीचे निष्णात वादक. त्यांच्या तारेतला तो कंप आपल्याला साधेना म्हणून किंग यांनी नुसते बोट तारेवर थरथरवून आणि तार आडवी ओढून तोच परिणाम साधला, असे ते स्वतः सांगत. १९५७ साली शिकागोत आलेल्या बडी गाय यांनी ती ओढ किंग यांच्याकडून उचलली आणि दुप्पट बेफाम केली. नव्या ध्वनिमुद्रिकेत तार जेथे जेथे ताणली जाऊन सूर वर चढतो, तेथे काच नसली तरी काचेचीच चाल आहे. या वंशावळीत केकुकूंना १९१५ नंतरच्या तबकड्यांपुरती एक सन्मानाची जागा मी देतो. मूळपुरुषाची गादी त्यांना द्यायची असेल, तर हवाईच्या पक्षाने आधी त्या पोरांच्या हातातली बाटली समुद्र ओलांडून आली हे शाबीत करावे.