परळची गाडी

कर्करोगाचे नाव तोंडाने घ्यायचे नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. सुश्रुताने ‘अर्बुद’ हे नाव केव्हाचेच देऊन ठेवले आहे. घरात मात्र ‘तसले दुखणे’ एवढेच म्हणायचे, आणि तेही रोग्याच्या कानी जाणार नाही अशा बेताने. या रीतीला नुसता भित्रेपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते. नाव कळल्यावर जायचे कोठे, याला उत्तरच नव्हते. मग नाव घेऊन करायचे काय?

पैशाचेही तेथे काही चालत नसे. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वेल्समधल्या एका शुश्रूषागृहात वारल्या. अशा घराला विलायत गाठावी लागली, आणि तिथेही हात टेकावे लागले! पुढल्याच वर्षी दोराबजी गेले. त्यांच्या नावाच्या विश्वस्तनिधीतून परळला रुग्णालय उभे राहिले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते उघडले. १९६२ पासून ते अणुशक्ती खात्याकडे आहे. अणू म्हटले की आपल्याला बाँब आठवतो, पण गाठ जाळणारे किरणही त्याच घरचे.

गेल्या श्रावणात माझ्या थोरल्या बहिणीच्या तपासणीचा कागद बदलापूरला आमच्या हाती पडला. भावोजींचा पहिला ठराव हाच, की तिला सांगायचे नाही. ताई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली. म्हणाली, “इंग्रजी आहे ना? वाचून दाखव.”

मी वाचले. बराच वेळ ती पाटावर बसून राहिली. मग म्हणाली, “परळला कोणती गाडी थांबते?” त्या रात्री ती रडली, दोन दिवस धड जेवलीही नाही; पण प्रश्न विचारून झाला होता.

जलद गाडीने दादर, तिथून धिमी. अंबरनाथ गेले, उल्हासनगरला एक वयस्क सिंधी बाई चढल्या. त्यांच्या मांडीवरही आमच्यासारखीच कागदांची जाड पिशवी. फाळणीत त्यांच्या सासऱ्यांनी सिंध सोडला, छावणीत संसार मांडला; १९४९ साली त्याच छावणीचे उल्हासनगर झाले. ताईकडे पाहून त्यांनी विचारले, “पहिल्यांदा?”

“हो.”

“कागद तारखेप्रमाणे लावा. आणि डॉक्टरला काय विचारायचं ते आत्ताच लिहा. समोर गेल्यावर सगळं विसरतं.”

ताईने माझ्या खिशातले पेन काढून घेतले.