बाइट्स, अंडी आणि दुर्बिणी

गेल्या शनिवारी एका मित्राने त्याच्या लॅबमधली जुनी फाईल पाठवली. आत नुसते आकडे. "तू सॉफ्टवेअरवाला ना, उघडून दे!" म्हटलं, दहा मिनिटांचं काम. फाईल उघडायची, बाइट्स वाचायचे, १६ बिटांचे पूर्णांक करून ॲरेत भरायचे. फंक्शन पहिल्या फटक्यात चाललं. एरर नाही, वॉर्निंग नाही. फक्त आकडे चुकीचे!

गंमत बघा. फाईलमध्ये १ आणि २ असे दोन बाइट्स लागोपाठ आहेत. मोठ्या किमतीचा बाइट आधी धरला तर आकडा होतो २५८, लहान आधी धरला तर ५१३. दोन्ही आकडे सभ्य दिसतात. कोणता खरा, हे फाईल सांगत नाही.

या भांडणाला नाव दिलं डॅनी कोहेन यांनी, १ एप्रिल १९८० च्या एका टिपणात. स्विफ्टच्या 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मध्ये (१७२६) अंडं कुठल्या टोकाने फोडायचं यावरून लढाया होतात ना, तिथूनच 'बिग एंडियन' आणि 'लिटल एंडियन' हे शब्द आले. कोहेन यांचं म्हणणं साधं होतं: कुठलंही टोक निवडा, पण सगळे मिळून एकच निवडा.

खगोलशास्त्रज्ञ मात्र त्याच्या वर्षभर आधीच कामाला लागले होते. तेव्हा निरीक्षणं मॅग्नेटिक टेपवर जायची आणि प्रत्येक वेधशाळेचा कॉम्प्युटर वेगळा. कोणाचा वर्ड ३२ बिटांचा, कोणाचा ६०. एकाची टेप दुसऱ्याला वाचायची तर प्रत्येक जोडीसाठी वेगळा प्रोग्रॅम लिहा! १९७९ मध्ये डॉन वेल्स आणि एरिक ग्रायसेन यांनी एक सामायिक फॉरमॅट ठरवला: फिट्स. त्यावरचा लेख १९८१ मध्ये छापून आला, आणि १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने त्याला मान्यता दिली.

यात हुशारी कुठे आहे? फाईलच्या सुरुवातीला साध्या अक्षरांत हेडर, प्रत्येक ओळ ८० अक्षरांची, अगदी पंचकार्डासारखी. 'बिटपिक्स' ही ओळ सांगते की एक आकडा किती बिटांचा. 'नॅक्सिस'च्या ओळी सांगतात की ॲरेला मिती किती आणि प्रत्येकीची लांबी किती. बाइट्सचा क्रम कायमचा ठरलेला: मोठा आधी. ब्लॉक २८८० बाइट्सचा, म्हणजे २३०४० बिट. या संख्येला ८, १२, १६, १८, ३२, ३६, ६०, ६४ या सगळ्यांनी भाग जातो, म्हणून कोणाच्याच वर्डची अडचण होत नाही. शिवाय एक वचन: नवा नियम आला तरी जुनी फाईल बाद होणार नाही.

त्यामुळे फिट्स वाचणारं फंक्शन अंदाज बांधत नाही. 'एंड' ही ओळ येईपर्यंत हेडर वाचा, पुढच्या २८८० च्या पटीवर जा, हेडरने सांगितलेल्या प्रकाराने आकडे उचला, आपल्या इंटेल मशीनवर बाइट्स उलटवा, आणि शेवटी मोजून बघा की हेडरने सांगितले तेवढे मिळाले का. २००७ च्या सुमारास आलेल्या नमपायच्या 'एनपीवाय' फाईलीतही तेच तत्त्व आहे: प्रकार, क्रम आणि आकार आधी, आकडे नंतर.

आता मित्राची फाईल. क्रम उलटवल्यावर आकडे शहाण्यासारखे दिसायला लागले. पण ते बरोबर आहेत, की नुसते बरोबर दिसतायत? त्याला फोन केला. तो म्हणाला, "ज्याने तो प्रोग्रॅम लिहिला तो कधीच सोडून गेला रे." त्याच्या तीन वर्षांच्या प्रयोगांचा अर्थ त्या एका माणसाच्या डोक्यात होता, आणि तो माणूस आता कुठे आहे कोणालाच माहीत नाही. हेडरच्या चार ओळी लिहायला त्याला पाच मिनिटं लागली असती.

असो. रविवारी माझ्या स्वतःच्या जुन्या फाईली काढून बसलो. निम्म्यांना हेडर नाही :(